येते म्हणाली

४ ऑक्टोबर

ताई,

मायना काय घालावा यात दोन कागद वाया गेले. ‘प्रिय’ लिहिलं तर तू म्हणशील, अकरा वर्षांनी बरी प्रीती उतू चालली. ‘तीर्थस्वरूप’ लिहावं एवढी तू म्हातारी झालेली नसशील. म्हणून नुसतंच ताई. पत्ता मावसभावाने दिला. तो तुमच्या शहरात कामाला गेला होता, संध्याकाळ मोकळी होती म्हणून नाटकाला बसला. नाटकातलं त्याला ओ की ठो कळलं नाही, पण हातात दिलेल्या कागदावर ‘वेशभूषा’ या शब्दापुढे तुझं नाव वाचलं आणि तो कागद जपून घेऊन आला. म्हणून थिएटरच्या पत्त्यावर लिहितेय. मिळालं तर मिळालं.

तसं कारण विशेष नाही. आई आणि मी समुद्रावरची ती गुहा बघून आलो, एवढंच कळवायचं होतं. तीच ती, घर सोडण्याआधी सहलीवरून तू पाठवलेल्या पोस्टकार्डावरची. ते कार्ड अजून दुकानात आहे. कपडे घालून बघायच्या खोलीतल्या आरशाच्या चौकटीत खोचलेलं. गिऱ्हाईक आरशात स्वतःला बघतं आणि कोपऱ्यात तुझी गुहा दिसते. ‘आई, तुला एकदा इथे आणणार. आत शेवटी एक दगड आहे. त्यावर उभं राहून हाक मारली की गुहा आधी जरा विचार करते, मग उत्तर देते.’ आईला हे पाठ आहे. गेल्या महिन्यात एका बाईच्या ब्लाउजची बाही उसवता उसवता एकदम म्हणाली, “नेणारी नेत नाही, म्हणून मी काय बघायचीच नाही का? माझे पाय आहेत अजून.” झालं. दुकानाला कुलूप घालून निघालो.

तिकिटाच्या खिडकीशी रबरी बूट आणि दिवा लावलेली पिवळी हेल्मेट देतात. आईला तिच्या मापाचे बूट मिळाले नाहीत, मोठे मिळाले. जन्मभर लोकांना माप बरोबर घेण्याबद्दल व्याख्यानं देणारी बाई, ती काय गप्प बसणार? खिडकीतल्या माणसाला म्हणाली, “एवढ्या बुटात मी दोन्ही पाय घालीन आणि वर तुम्हालाही घेईन.” तो हसला, पण बूट बदलून दिले नाहीत.

गाईड हडकुळा आणि बडबड्या. म्हणाला, “ओहोटीला गुहा आपली, भरतीला समुद्राची. भाडेकरूने वेळेवर खाली करायची, काय?” दर फेरीला हाच विनोद करत असणार. खडकाचा मऊ थर लाटांनी खाऊन खाऊन ही पोकळी झाली, आणि समुद्राचं काम अजून संपलेलं नाही, असंही त्याने सांगितलं. भिंती ओल्या, काळ्या, आणि हात लावला तर गुळगुळीत. गुहा छान आहे. तू लिहिलं होतंस तशीच.

आम्ही अजून इथेच आहोत. आईला जरा दमल्यासारखं झालं म्हणून मुक्काम वाढवला. खोली स्वच्छ आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. बाहेरून सारखी कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेतं, तिचं एक चाक कुरकुरतं, तेवढा त्रास सोडला तर सगळं ठीक.

हे पत्र लिहिल्याचं आईला माहीत नाही. ती झोपली आहे. आमचा इथला पत्ता मागे लिहिला आहे.

धाकटी

९ ऑक्टोबर

ताई,

पहिलं पत्र तुला मिळालं असेल असं धरून चालते. आणि तू काही दुधखुळी नाहीस. चाकाची खुर्ची आणि मागचा पत्ता वाचून तुला कळलंच असेल. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? ही हॉटेलची खोली नाही, हॉस्पिटलची आहे. आईचा घोटा मोडला आहे आणि छातीत समुद्राचं पाणी गेलं होतं. घोट्याचं ऑपरेशन करायचं आहे, पण छाती साफ झाल्याशिवाय भूल देता येत नाही, आणि छाती साफ व्हायला तयार नाही. डॉक्टर रोज स्टेथोस्कोप लावतात, रोज “बघू” म्हणतात. मला त्या “बघू”चीच जास्त भीती वाटायला लागली आहे.

तुला कळवायचं नाही अशी तिने मला ताकीद दिली आहे. शुद्धीवर आल्यावरची पहिली वाक्यं तीच. “ठमीला कळवशील तर खबरदार. आजारपणाला आलेली मला नको. मनात आलं तर येईल, नाही आलं तर राहील.” सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हा. नाकात नळी आहे, पाय वर टांगलेला आहे, आणि बाईचा रुबाब बघ. काल हॉस्पिटलच्या गाऊनची बाही उलटसुलट करून बघितली आणि सिस्टरला विचारलं, “हे कुणी शिवलं? त्याला माझ्याकडे पाठवा.”

सिस्टर मात्र तिला आवडते. घंटी वाजवली की ती लांबून “आले, आजी, आले!” म्हणत येते. आई म्हणते, हिला हाकेला ओ द्यायचं वळण आहे.

मला खरं तर तुझ्याशी भांडायचं आहे, पण भांडण अकरा वर्षं शिळं झालं आहे, कुठून सुरू करू ते कळत नाही. तू नाटकवाल्यांकडे निघालीस तेव्हा मी शिलाईयंत्रावर बसले होते, आठवतं? आई कापड कापत होती. तिने वर न बघता म्हटलं, “लोकांच्या अंगाला बसणारे कपडे सोडून सोंगांचे कपडे शिवायला चाललीस. जा.” तू बॅग उचललीस आणि म्हणालीस, “जाते.” आईची कात्री थांबली. एवढं सगळं झाल्यावरही ती म्हणाली, “ठमे, येते म्हण.” आणि तू उंबऱ्यात उभी राहून, एकेक अक्षर तोडत, “जाते” म्हणालीस. परत.

ताई, तू गेलीस याचं तिला वाईट वाटलं असेल, पण ते तिने पचवलं. तो एक शब्द नाही पचवला. त्यानंतर दुकानातून कुणीही निघालं, गिऱ्हाईक असो की पेपरवाला, ती त्याच्याकडून “येते” नाहीतर “येतो” वदवून घेतल्याशिवाय सोडत नाही. एकदा वीजमंडळाचा माणूस आमची वीज तोडायला आला होता. त्याच्याकडूनसुद्धा वदवून घेतलं, आणि तो पुढच्या आठवड्यात खरंच परत आला.

मी हे हसत लिहितेय, पण हसू येत नाही. गुहेत काय झालं ते पुढच्या पत्रात लिहीन. आज होत नाही. तिला खोकल्याची उबळ आली की मी उठून पाठ चोळते आणि परत बसले की कुठपर्यंत लिहिलं होतं ते विसरते.

धाकटी

१६ ऑक्टोबर

ताई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. आज आईला तपासणीसाठी खाली नेलं आहे, परत आणायला वेळ लागेल, तेवढ्यात लिहून टाकते.

तोंडाशी मोठं दालन आहे ते तुला आठवत असेल. त्याच्या मागे वाकडा बोळ, एका वेळी एकच माणूस जाईल असा, आणि बोळाच्या पलीकडे आतलं दालन, जिथे तुझा दगड आहे. जायची यायची वाट ती एकच. भरतीचं पाणी आधी त्या बोळात भरतं, कारण बोळ सगळ्यात खोलगट.

आम्ही आत पोचलो. बाकीचे लोक दगडावर चढून आपापली नावं ओरडत होते. एकाने तर क्रिकेटचा स्कोअर ओरडला. आई बाजूला उभी. मी म्हटलं, तू पण मार ना हाक. म्हणाली, “चारचौघांत बोंबलायला मला काय झालंय?” तेवढ्यात गाईडने शिट्टी वाजवली. पाणी फिरलं होतं. लोक बोळाकडे निघाले. आईने पर्स माझ्या खांद्याला अडकवली आणि म्हणाली, “तू हो पुढे. मी दगडावर एकदा उभी राहते.”

मी पुढे झाले. बोळात शिरले आणि मागून तिची हाक ऐकू आली. “ठमेऽ!” मोठ्यांदा नव्हे, पण मनापासून. गुहेने विचार केला, तू लिहिलं होतंस तसाच, आणि मग तिचंच “ठमे” तिला परत दिलं. खरं सांगू का, मला राग आला. दुकान मी चालवते. तिच्या गोळ्या मी आणते. तिची बोलणी मी खाते. आणि सगळ्या जगाला वळसा घालून तिथवर जाऊन हाक मारायची ती ठमीला! मी पाय उचलला आणि बोळातून सरळ पुढे गेले, मागे वळून बघितलं नाही.

बोळाच्या तोंडाशी गाईड उभा होता. पाणी पायाच्या घोट्याशी लागत होतं. त्याने विचारलं, “आजी?” मी आत तोंड करून ओरडले, “आई, चल लवकर!”

थोडा वेळ काही नाही. मग तिचा आवाज आला, अगदी शांत, “येते गंऽ!”

मी गाईडला म्हटलं, “येते म्हणाली. मागेच आहे.” त्यालाही ते पटलं. त्याच्यापुढे एक म्हातारे गृहस्थ घसरले होते, त्यांना सावरत तो बाहेर निघाला. मीही निघाले. मी माझं हेल्मेट परत दिलं, बूट परत दिले, स्वतःचे जोडे घातले, आणि चहाच्या टपरीवर दोन चहा सांगितले. दोन. हे मी पुनःपुन्हा आठवते.

माझ्या शेजारी एक बाई उभी होती. तिचा नवरा लाटांचे फोटो काढत लांब गेला होता. ती ओरडली, “अहो, चला ना, बस सुटेल!” आणि तो तिकडून म्हणाला, “आलो, आलो!”

ताई, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हाक मारली की माणूस काय म्हणतं? आलो. आले. ज्याला यायचं असतं तो “आलो” म्हणतो, पाऊल उचललं नसलं तरी. आपली आई तर जन्मभर “आले गं आले” म्हणत आली आहे. शिलाईयंत्राच्या मागून, मोरीतून, गच्चीवरून, तापात पडलेली असतानासुद्धा. “येते” ती फक्त उंबऱ्यावर म्हणते. निघताना.

चहा तिथेच ठेवून मी धावले. गाईड मागून ओरडत होता, बाई, पाणी चढलंय, थांबा, दोर आणतो. मोठ्या दालनात पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं. बोळात कमरेएवढं, आणि लाट आली की छातीला. हेल्मेट मी देऊन बसले होते, त्यामुळे दिवा नाही. भिंत चाचपत गेले. “आई!” म्हणून ओरडले तर गुहेने माझाच आवाज मला परत दिला आणि त्यात तिचा आवाज आहे की नाही ते कळेना. मी गप्प उभी राहिले. मग अंधारातून तिचा आवाज आला. इतका संतापलेला आवाज मी दुकानातसुद्धा कधी ऐकला नव्हता.

“कशाला आलीस परत? येते म्हटलं होतं ना तुला!”

ती दगडावरून उतरताना घसरली होती, हेल्मेट पडून दिवा विझला होता. बूट दगड आणि भिंतीच्या फटीत पाचरीसारखा बसला होता, पाऊल त्यात पिरगळून मोडलेलं. वाकता येत नव्हतं. फटीत ती खाली खचली होती, त्यामुळे पाणी तिच्या छातीपर्यंत होतं. मी ओढलं तर ती किंचाळली. मग मला पर्स आठवली. आई धागे कापायची छोटी कात्री सदा पर्समध्ये ठेवते, तुला माहीत आहे. ती बाहेर काढली, पाण्यात बुडी मारली आणि बूट वरून खाली कापायला लागले. जाड रबर, हात गारठलेले. श्वास घ्यायला वर आले की ती वरून सांगणार, “पात्याच्या टोकाने नको, मुळाशी धर. सरळ काप, सरळ!” एक लाट तिच्या डोक्यावरून गेली. मग दुसरी गेली. दुसरीनंतर तिचं सांगणं बंद झालं.

पाय सुटला तेव्हा गाईड दोर घेऊन बोळात पोचला होता. तो लटपटत होता, पण आला. दोघांनी मिळून तिला ओढत बाहेर आणलं. वाळूवर ठेवलं, तिने पाणी ओकलं, डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “आयुष्यात पहिल्यांदा सरळ कापलंस.” मग शुद्ध हरपली.

आता तू म्हणशील, मी हे सगळं तुला का सांगतेय. घाबरवायला सांगतेय. आई ऐंशीच्या घरात आहे, छातीत पाणी झालेलं आहे, आणि मी इथे एकटी आहे. तिची ताकीद मोडून लिहिते. ये. सोंगांचे कपडे दुसरं कुणी शिवेल चार दिवस.

धाकटी

२५ ऑक्टोबर

ताई,

टपाल रोज सकाळी हॉस्पिटलच्या काउंटरवर येतं. मी रोज जाते. आपलं काही नसतं. काउंटरवरची मुलगी आता मला लांबूनच मानेने नाही म्हणते. पालथ्या घड्यावर पाणी घालतेय की काय, असं वाटतं.

छाती थोडी सुधारली आहे. ऑपरेशन पुढच्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी ठरलं आहे. आणखी थांबलं तर हाड वाकडं जुळेल आणि पडून पडून छाती परत भरेल, आणि लवकर केलं तर भुलीतच काही व्हायची भीती. डॉक्टरांनी कागदावर माझी सही घेतली. सही करताना मी त्यांना विचारलं, तुमची आई असती तर? ते म्हणाले, “मीही घाबरलो असतो.” खोटा धीर दिला नाही म्हणून मला ते बरे वाटले.

काल दुपारी मी आईला विचारलं. इतके दिवस विचारायची हिंमत होत नव्हती. म्हटलं, तू “येते” का म्हणालीस? पाय अडकला म्हणून ओरडली का नाहीस?

ती उशीला टेकून खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, “अडकला म्हटलं असतं तर तू आत आली असतीस. तुला पोहता येतं का?”

“नाही.”

“मग? दोघी गेलो असतो. दुकानाच्या किल्ल्या कुणाकडे राहिल्या असत्या?”

“मग आले म्हणायचंस.”

“आले म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं,” ती म्हणाली. “मी खोटं कधी बोलले आहे? येते म्हटलं. निघताना म्हणतात तेच म्हटलं. तू काय ऐकायचं ते ऐकलंस.”

मी रडले, ताई. तिच्या त्या वाकड्या शिवलेल्या बाहीत तोंड घालून रडले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ थोपटलं आणि मग म्हणाली, “आणि ते ‘येते’ सगळं तुलाच होतं असं नाही. थोडं ठमीला होतं. ती म्हणाली नव्हती, तेव्हा मीच म्हटलं. कुणीतरी म्हणायला हवं होतं.”

हे तिने तुला सांगायला सांगितलेलं नाही. पण मी सांगितलं. आता तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं असेल तर खुशाल बस.

आईला अजून वाटतं की तुला काही माहीत नाही. पण सकाळी मी काउंटरवरून वर आले की ती माझ्या हातांकडे बघते आणि मग, “आज ऊन बरं आहे,” असं काहीतरी बोलते.

धाकटी

५ नोव्हेंबर

ताई,

तुझं कार्ड आलं. परवा आलं. उद्या सकाळी ऑपरेशन.

कार्डावर चित्र नाही. एका बाजूला इथला पत्ता, दुसऱ्या बाजूला एकच शब्द. तारीख नाही, सही नाही. पण ‘ये’ची मात्रा तू अजूनही खडूने कापडावर खूण केल्यासारखी तिरकी ओढतेस, त्यावरून ओळखलं.

‘येते.’

काउंटरजवळच्या बाकावर बसून मी ते किती वेळ बघत राहिले कोण जाणे. आधी मला आनंद झाला. मग आठवलं. हा शब्द मी एकदा ऐकला आहे आणि चुकीचा ऐकला आहे. मी तुला लिहिलं होतं, ये. हाकेला माणूस “आले” म्हणतं, हेही मीच लिहिलं होतं, चांगलं पानभर. ते सगळं वाचून तू “आले” लिहिलं नाहीस. “येते” लिहिलंस. मला वाटलं, अकरा वर्षांपूर्वी उंबऱ्यात राहून गेलेला शब्द तू आता टपालाने पाठवून दिलास. आईचं देणं होतं ते चुकतं केलंस, नीट निरोप घेतलास, आणि आता तू मोकळी. तेव्हा तू “जाते” म्हणालीस त्याचंही मला एवढं वाईट वाटलं नव्हतं, जेवढं या शब्दाचं वाटलं.

कार्ड मी पर्समध्ये लपवलं. दोन दिवस लपवलं. आईच्या तोंडाकडे बघायची सोय नव्हती. आज दुपारी सिस्टर तिला इंजेक्शन द्यायला आली आणि सहज बोलून गेली, “आजी, आलं ना तुमचं पत्र? काउंटरवरची सांगत होती.”

 सिस्टर गेल्यावर आईने हात पुढे केला. मी कार्ड दिलं. दुसरा इलाज नव्हता.

तिने चष्मा मागितला. वाचलं. एक शब्द वाचायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ वाचलं. मग मला म्हणाली, “तर लिहिलंसच तू.”

“लिहिलं.”

“चांगलं केलंस,” ती म्हणाली. एवढ्या दिवसांच्या ताकिदीचं काय झालं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. “मग तोंड का असं तुझं?”

मी सगळं सांगून टाकलं. की हा निरोपाचा शब्द आहे. की यायचं असतं तर ठमीने आले म्हटलं असतं. की उद्या सकाळी तुला आत नेतील आणि तू दाराकडे बघत राहशील, ते मला बघवणार नाही. माझा आवाज चढला होता. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

आईने पूर्ण ऐकून घेतलं. मग तिच्या दुकानातल्या आवाजात, एखादं गिऱ्हाईक अस्तर आणि कापड उलटं धरून बसलं की ती ज्या आवाजात बोलते ना, त्या आवाजात म्हणाली, “अगं वेडे, आले असं कागदावर कसं लिहील? आले म्हणायला माणूस इथे ऐकू येईल इतक्या जवळ असावं लागतं. ती तिथे आहे. तिथल्या उंबऱ्यात उभी राहून लिहिलंय तिने. निघताना काय म्हणतात?”

“येते.”

“मग?” ती म्हणाली. “निरोपच आहे तो. पण तिकडच्यांना.”

 ताई, ती बरोबर आहे की स्वतःची समजूत घालते आहे, मला खरंच कळत नाही. ती अजून खोकते आहे. डॉक्टर संध्याकाळी येऊन परत एकदा छाती ऐकून गेले आणि आज “बघू” म्हणाले नाहीत, “ठीक” म्हणाले. त्यातही मला धास्ती वाटली. मला आता कुठल्याच शब्दाचा भरवसा वाटत नाही.

तिने कार्ड उशीखाली ठेवलं नाही. खाटेच्या कडेला जो आरसा असतो, हात पुसायच्या कागदाच्या वर, त्याच्या चौकटीत मला खोचायला लावलं. दुकानातल्यासारखं. मग केस विंचरून घेतले.

हे पत्र मी टाकणार नाही. आई म्हणते ते खरं असेल तर तू वाटेत आहेस, आणि तिथे ते घ्यायला कुणी नाही. खरं नसेल तर टाकूनही उपयोग नाही. इथेच टेबलावर ठेवते, तुझ्या हातात देता येईल असं.

आमची खोली कॉरिडॉरच्या टोकाला आहे. कुणाच्याही पायांचा आवाज आला की आई झोपेतून जागी होते आणि दाराकडे तोंड करून हाक मारते, “ठमे?” सिस्टर असली तर ती बिचारी गोंधळून थांबते. त्या कुरकुरत्या खुर्चीवाल्याने तर परवा, “मी नाही हो, आजी,” म्हणून माफी मागितली.

उद्या सकाळी लवकर नेतात. तोवर ती हाक मारत राहणार, मला माहीत आहे. तू जिन्यात असलीस, दारात असलीस, कुठेही असलीस, तर आधी बॅग खाली ठेवू नकोस, माझ्याशी भांडू नकोस, रडू नकोस.

आले म्हण.